मोठी मूळ संख्या संगणकावर ‘सम’ का निघते? वारंवार येणाऱ्या एका तक्रारीचा निकाल

बेळगाव असो, खानापूर असो, नाहीतर निपाणी-चिक्कोडीकडचं गाव असो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेलेलं किंवा बीएस्सीला गणित घेतलेलं पोर मूळ संख्यांच्या नादी लागलं की थोड्याच दिवसांत हीच तक्रार घेऊन येतं. ‘सर, २^६१ − १ ही मूळ संख्या म्हणून दिलीय. मी कॉम्प्युटरवर घातली तर शेवटी चार शून्यं येताहेत की ओ! दहानं सरळ भाग जातोय.’ कुणाचा प्रोग्रॅम मूळ संख्येला ‘मूळ नाही’ म्हणतो, कुणाचा तासभर फिरतच राहतो, आणि कुणाचा उलटाच, संयुक्त संख्येला खुशाल मूळ ठरवतो.

तक्रारी वेगळ्या दिसल्या तरी बहुतेकींचं कारण एका जागी सापडतं. आपण ज्या संख्येची परीक्षा घेतोय असं समजतो, ती संख्या यंत्राच्या हाती पोचलेलीच नसते. म्हणून परीक्षा कुठली वापरली हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, संख्या शाबूत आहे का?

एक्सेलमध्ये शेवटचे आकडे शून्य होतात

२^६१ − १, म्हणजे दोनाचा एकसष्टावा घात वजा एक, ही संख्या २३०५८४३००९२१३६९३९५१. एकोणीस आकडी. ती मूळ आहे हे इवान पेर्वुशिन नावाच्या रशियन पाद्र्यानं १८८३ साली दाखवलं, तेही कागदावर. हीच संख्या एक्सेलच्या घरात टाका, २३०५८४३००९२१३६९०००० दिसेल. एक्सेल पंधरा सार्थ आकडे ठेवतं, पुढच्यांच्या जागी शून्य भरतं. आता ही नवी संख्या सम आहे, पाचानं भाग जाणारी आहे, हे खरंच. पण ती आपली संख्या नव्हे.

बँक खात्याचे सोळा-सतरा आकडी क्रमांक एक्सेलमध्ये भरणाऱ्यांना हा प्रकार चांगला ठाऊक असतो. ते आधी घराचा प्रकार ‘टेक्स्ट’ करतात, नाहीतर आकड्याआधी एक अपॉस्ट्रॉफी देतात. आपणही तेच करू शकतो, पण मग संख्या नुसती जपली जाते, तिच्यावर गणित करता येत नाही. थोडक्यात, पंधरा आकड्यांपलीकडच्या मूळ संख्यांसाठी एक्सेल वापरूच नका.

घरात सूत्र म्हणून ‘दोनाचा एकसष्टावा घात वजा एक’ लिहिलं तरी सुटका नाही. इथं कारण थोडं खोल आहे. दशांश चिन्हाच्या संख्या यंत्र ज्या रूपात ठेवतं, त्यात त्रेपन्न बिटांचीच अचूकता असते. २^५३ म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. इथपर्यंतची प्रत्येक पूर्णांक संख्या नेमकी मावते, त्यापुढे मधल्या संख्या गळायला लागतात. २^६१ च्या आसपास तर शेजारच्या दोन मावणाऱ्या संख्यांमध्ये शेकड्यांचं अंतर असतं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची ट्रॉली चढली आणि तुम्ही तिच्यातलं एक कांडं ओढून घेतलं, तर काटा हलतो का? तसंच २^६१ मधून एक वजा केला तरी यंत्राला तो जाणवत नाही. उत्तर २^६१ च राहतं, आणि दोनाचा घात समच असणार.

पायथनमध्ये मोठे पूर्णांक नीट मावतात, म्हणून पोरं तिथं निर्धास्त असतात. पण ‘मॅथ’ मॉड्यूलमधलं ‘पॉव’ वापरलं की तेच दशांशरूप मागच्या दारानं आत येतं. एका तिरप्या रेघेचा भागाकारही तसाच. दोन ताऱ्यांचा घात आणि दोन तिरप्या रेघांचा भागाकार वापरा. वर्गमूळासाठी अर्धा घात घेऊ नका, त्याच मॉड्यूलमधलं ‘आयएसक्यूआरटी’ घ्या. ते पूर्णांकातच काम करतं, पायथन ३.८ पासून आहे.

नवाचा आणि अकराचा ताळा

संख्या कुठूनतरी उतरवून घेतली असेल तर तिच्यात आकडा गळणं, ओळ तुटल्यावर मधे जागा राहणं हे नेहमीचं. आपल्या भागात आणखी एक भर आहे. फोनवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड असतात आणि आकडे कुठल्या लिपीत उमटले इकडे लक्ष राहत नाही. पायथनचं ‘इंट’ देवनागरी किंवा कन्नड आकड्यांची मजकूर-ओळ बिनबोभाट वाचतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ वाचत नाही. सी मधल्या ‘स्कॅनएफ’लाही ते कळत नाहीत, आणि परत आलेली किंमत तपासली नसेल तर चलात आधी पडलेला कचरा परीक्षेला बसतो.

हे पकडायला जुन्या शिक्षकांचा ताळाच पुरेसा आहे, आणि मला तो अजूनही सगळ्यात आवडतो. दोनाच्या घातांना नवानं भागलं की बाक्या दर सहा पायऱ्यांनी फिरून येतात. ६१ ला सहानं भागून बाकी १, म्हणून २^६१ ची नवानं बाकी २, आणि एक वजा केल्यावर १. आता संख्येतल्या आकड्यांची बेरीज करा. ७३ येते. सात नि तीन दहा, दहाचा एक. जुळलं. २^१२७ − १ ही एकोणचाळीस आकडी संख्या १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ अशी आहे. १२७ लाही सहानं भागून एकच उरतो, तेव्हा ताळा पुन्हा १ यायला हवा. आकड्यांची बेरीज १५४, तिचे दहा, दहाचा एक.

नवाचा ताळा आकड्यांची अदलाबदल पकडत नाही. ३९ चे ९३ झाले तर बेरीज तीच. त्यासाठी अकराचा ताळा घ्या. उजवीकडून एक आड एक आकडे मिळवा, उरलेले वेगळे मिळवा, दोन बेरजांतला फरक बघा. २^६१ − १ साठी ३७ आणि ३६ येतात, फरक १. दोनाच्या घातांच्या अकरानं येणाऱ्या बाक्या दहा पायऱ्यांनी फिरतात. ६१ च्या शेवटी १ आहे, म्हणून बाकी २, वजा एक म्हणजे १. इथंही जुळलं.

कुणी म्हणालं ‘हिला अमक्यानं भाग जातो’, तर

इथं भागाकार करत बसायची गरज नसते. घातांक प ही विषम मूळ संख्या असेल तर २^प − १ च्या प्रत्येक मूळ विभाजकाला २प नं भागल्यावर बाकी १ च उरते. शिवाय त्या विभाजकाला आठानं भागल्यावर १ किंवा ७ उरतो. पहिल्या गोष्टीचं कारण सोपं आहे. विभाजक क असेल तर दोनाचा प वा घात क नं भागून १ उरतो. प मूळ असल्यानं त्याहून लहान कुठल्याही घाताला तसं होत नाही. फर्माच्या प्रमेयानं क − १ वा घातही १ सोडतो, म्हणून प नं क − १ ला भाग गेलाच पाहिजे. क विषम, म्हणून २प नंही.

आता एक्सेलनं दिलेला ‘पाच’ घ्या. ५ ला १२२ नं भागून १ उरत नाही. खोटा. १२२ ची पट अधिक एक अशा संख्या क्रमानं १२३, २४५, ३६७. पहिल्या दोन मूळच नाहीत. म्हणजे ३६७ च्या आधी २^६१ − १ ला मूळ विभाजक असणं शक्यच नाही, हे यंत्राला हात न लावता कळलं. २०४७ म्हणजे २^११ − १ वर हीच अट लावून बघा. तिचे अवयव २३ आणि ८९, दोन्हींना बावीसनं भागून एक उरतो. घातांक ११ मूळ असूनही संख्या संयुक्त निघाली, हेही यातून लक्षात राहील. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्यानं भागत नाही.

सी चा प्रोग्रॅम थांबत नाही, किंवा थांबून ‘मूळ नाही’ म्हणतो

ही तक्रार २१४७४८३६४७ या संख्येवर हमखास येते. ती २^३१ − १ आहे, ऑयलरनं १७७२ मध्ये ती मूळ असल्याचं सिद्ध केलं. गंमत अशी, की बत्तीस बिटांच्या साध्या ‘इंट’मध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्याही हीच. पोरं मोठ्या हौसेनं ‘सगळ्यात मोठी मावणारी’ म्हणून ती टाकतात आणि अडकतात.

एन म्हणजे तपासायची संख्या, आय म्हणजे तिला भागून बघायचा आकडा. लूपची अट साधारण अशी लिहिलेली असते: आय गुणिले आय, एन पेक्षा लहान किंवा समान असेतोवर चालू ठेव. आय ४६३४० असताना गुणाकार २१४७३९५६०० येतो, ठीक आहे. पुढचा आय ४६३४१. त्याचा वर्ग २१४७४८८२८१. तो एन पेक्षा मोठा आहे, इथं लूप थांबायला हवा. पण ही किंमत इंटमध्ये मावतच नाही. सी च्या नियमांनुसार अशा वेळी काय होईल याची हमी नाही. प्रत्यक्षात बहुधा ती गुंडाळली जाऊन उणे २१४७४७९०१५ होते. उणे संख्या एन पेक्षा लहानच, अट खरी, लूप पुढे. गुंडाळलेली कुठलीच किंमत एन पेक्षा मोठी होऊ शकत नाही, कारण एन हाच इंटचा कळस. असं करत आय स्वतः एन पर्यंत पोचतो, एन ला एन नं भाग जातो, आणि प्रोग्रॅम दिमाखात सांगतो: मूळ संख्या नाही.

उपाय दोन. आय आणि एन ‘लाँग लाँग’ करा, किंवा अट उलटवून आय हा एन भागिले आय पेक्षा लहान किंवा समान अशी लिहा. मला दुसरा जास्त पटतो, कारण त्यात गुणाकारच नाही, आणि उद्या मोठी संख्या आली तरी तीच अट चालते. जुन्या लॅबमध्ये अजून टर्बो सी असेल तर तिथला इंट ३२७६७ वरच संपतो, तेव्हा हीच रड फार आधी सुरू होते. (३२७६७ स्वतः मूळ नाही. सात गुणिले एकतीस गुणिले एकशे एक्कावन्न. ती २^१५ − १ आहे, घातांक पंधराच मूळ नाही, मग ती मूळ कशी असेल?)

प्रोग्रॅम बरोबर असूनही संपत नसेल तर दोष पद्धतीचा. २^६१ − १ साठी वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे १५१ कोटी ८५ लाखांपर्यंत भाग देत जाणं सी मध्ये जमण्यासारखं आहे. २^१२७ − १ साठी सेकंदाला शंभर कोटी भागाकार केले तरी चारशेहून जास्त वर्षं लागतील. तिथं लूप सुधारत बसू नका.

संयुक्त संख्या मूळ म्हणून पास होते

इथं बहुतेकांनी फर्माची परीक्षा वापरलेली असते: दोनाचा एन − १ वा घात घ्या, एन नं भागून १ उरला की मूळ. ३४१ ला ही परीक्षा फसते. ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१, तरी बाकी १ च. मग पाया, म्हणजे जिचा घात घेतो ती संख्या, बदलून तीन घ्या म्हणावं, तर ५६१ सारख्या संख्या असतात. जिच्याशी सामाईक अवयव नाही अशा कुठल्याही पायाला ५६१ पास होते. १७२९ पण त्यातलीच. अशा कारमायकेल संख्या अनंत आहेत, हे १९९४ साली सिद्ध झालं, म्हणजे त्यांची यादी करून सुटका नाही.

मिलर-राबिन परीक्षा, म्हणजे फर्माच्याच परीक्षेचं कडक रूप, यावर चांगला तोडगा आहे, पण पाया नुसता दोन ठेवून मेर्सेन संख्या (मेर्सेन या गणितज्ञाच्या नावाच्या, २^प − १ या रूपाच्या) तपासू नका. घातांक विषम मूळ असेल तर २^प − १ ही संख्या, मूळ असो वा संयुक्त, दोनाच्या पायावर मिलर-राबिन नेहमीच पास होते. ‘माझ्या प्रोग्रॅमनं २^६७ − १ मूळ काढली, काही बिघडलंय का?’ या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. बिघडलेलं काही नाही, पायाच निरुपयोगी निवडलाय. २^६७ − १ ही मेर्सेनच्या स्वतःच्या यादीतही मूळ म्हणून होती. १८७६ मध्ये ल्युकासनं ती संयुक्त असल्याचं दाखवलं, पण अवयव त्याला मिळाले नव्हते. ते १९०३ मध्ये कोलनं मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. पहिल्यातून एक वजा करून १३४ नं भागून बघा, नि:शेष भाग जातो.

मग पाया किती घ्यायचे? बत्तीस बिटांच्या इंटपुरतं काम असेल तर २, ३, ५, ७ हे चार पुरतात. या चौघांना फसवणारी सगळ्यात लहान संयुक्त संख्या ३२१५०३१७५१ आहे, म्हणजे इंटच्या बाहेर. २^६४ पर्यंतच्या सगळ्या संख्यांना २ पासून ३७ पर्यंतचे बारा मूळ पाया घेतले की उत्तर पक्कं, ‘बहुधा’ म्हणायचं कारण नाही. त्यापुढे यादृच्छिक पाया घ्यावे लागतात आणि उत्तर ‘जवळजवळ नक्की’ या स्वरूपाचं असतं.

सी मध्ये मिलर-राबिन लिहिलं आणि मूळ संख्या संयुक्त निघायला लागल्या, तर मधला गुणाकार बघा. चौसष्ट बिटांच्या लाँग लाँगमध्ये दोन बाक्यांचा गुणाकार एन सुमारे ३०३ कोटी ७० लाखांच्या पुढे गेला की मावत नाही. बाकी नंतर घेऊन काय उपयोग, गुणाकार आधीच बिघडलेला असतो. एकशेअठ्ठावीस बिटांचा प्रकार वापरा. पायथनमध्ये ‘पॉव’ला पाया, घातांक आणि भाजक अशा तिन्ही किंमती एकदम द्या. आधी पूर्ण घात काढून मग बाकी घेतली तर मेमरी संपेल, आणि पोरगं लॅपटॉपला नावं ठेवेल.

‘आयआयटी कानपूरवाल्यांची २००२ ची परीक्षा का नाही वापरायची?’ असंही कुणीतरी विचारतंच. अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांचं ते काम फार मोठं आहे. कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात (म्हणजे आकडे वाढले तरी वेळ भरमसाट न वाढता), नशिबावर न सोडता ठरवता येतं, हे त्यांनी सिद्ध केलं. पण रोजच्या तपासणीला ती पद्धत संथ पडते.

ल्युकास-लेमर परीक्षेत शेवटी शून्य येत नाही

मेर्सेन संख्यांसाठी ही परीक्षा सगळ्यात सरस. चारपासून सुरू करा, दर फेरीला वर्ग करून दोन वजा करा आणि २^प − १ नं बाकी घ्या. प − २ फेऱ्यांनंतर शून्य उरलं तर मूळ, नाहीतर नाही. आपला प्रोग्रॅम आधी प = ७ वर चालवून मधल्या किंमती छापा. ४, १४, ६७, ४२, १११, ० असं यायला हवं. शेवटी १२५ आले तर एक फेरी जास्त झालीय (उणे दोन म्हणजेच १२५). २ आले तर दोन फेऱ्या जास्त, आणि तिथून पुढे कितीही फिरवलं तरी दोनच राहतो. लूप प पर्यंत चालवण्याची ही चूक इतकी नेहमीची आहे, की उत्तर २ ऐकलं की मी प्रोग्रॅम न बघताच फेऱ्या मोजायला सांगतो. प = २ ला ही परीक्षा लागू नाही, ते वेगळं हाताळा.

खरोखर प्रचंड संख्या

आज माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जीआयएमपीएस या मेर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्या प्रकल्पातून ल्यूक ड्युरांट यांना ती सापडली. ४१०२४३२० आकडी. प्रकल्पात पहिली चाचणी तीनाच्या पायावर होते, आणि दोनाचा पाया तिथं का चालत नाही ते वर आलंच आहे.

पायथनमध्ये ही छापायला गेलात तर ४३०० आकड्यांच्या मर्यादेची एरर येते. पायथन ३.११ पासून, आणि जुन्या आवृत्त्यांच्या सुरक्षा-अपडेटमधूनही, ही मर्यादा घातलेली आहे. म्हणूनच ३३७६ आकडी २^११२१३ − १ छापली जाते आणि ६००२ आकडी २^१९९३७ − १ अडते. गणितात काही चुकलेलं नसतं, नुसतं छापणं अडवलेलं असतं. ‘सिस’ मॉड्यूलमध्ये ही मर्यादा उठवायची सोय आहे. पण एक्केचाळीस दशलक्ष आकडे छापून करणार काय? पानाला तीन हजार आकडे धरले तरी साडेतेरा हजारांहून जास्त पानं. शेवटचे दोन आकडे हवे असतील तर ‘पॉव’ला दोन, घातांक आणि शंभर द्या, एक वजा करा. ५१ येतात, क्षणात. हातानंही होतं: २ नंतर दोनाच्या घातांचे शेवटचे दोन आकडे दर वीस पायऱ्यांनी फिरतात आणि या घातांकाला वीसनं भागून १ उरतो, म्हणून २^२१ बघायचा, तो २०९७१५२.

जीआयएमपीएसचं सॉफ्टवेअर घरी चालवणाऱ्यांची आमच्याकडची तक्रार वेगळीच असते. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं लाइट गेली की चाललेलं काम गेलं असं वाटतं. सगळं जात नाही. प्राइम-९५ हे त्यांचं सॉफ्टवेअर दर अर्ध्या तासानं मधली अवस्था डिस्कवर लिहितं, सेटिंगमध्ये ते अंतर कमी करता येतं. वारंवार चुका दाखवत असेल तर गणितावर संशय घ्यायच्या आधी पंख्यातली धूळ काढा, ओव्हरक्लॉकिंग केलं असेल तर बंद करा, आणि रॅम तपासा.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायचं झालं, तर स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका. संख्या घातांकाच्या रूपात लिहा, भाषा आणि तिची आवृत्ती सांगा, पाया कुठला घेतला ते लिहा, आणि हाच प्रोग्रॅम ३४१, ५६१, २०४७ आणि २१४७४८३६४७ वर काय उत्तर देतो तेही सोबत द्या. पहिल्या तीन संयुक्त, चौथी मूळ. बहुतेक वेळा या चार उत्तरांवरूनच बिघाड कुठला ते कळतं.